मेश्राम मॅडम ‘अनफिट’ लिहीत नसत

मेश्राम मॅडम रुग्णाच्या कागदावर ‘अनफिट’ हा शब्द लिहीत नसत. त्या भूलतज्ज्ञ होत्या. नागपुरात त्यांनी तीस वर्षं काम केलं, आणि शेवटची बारा वर्षं बहुतेक मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी भूल दिली. या काळात त्यांनी अनेक शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. एकदा तर टेबलावर घेतलेला रुग्ण परत वॉर्डात पाठवला. पण अशा प्रत्येक वेळी त्या कागदावर मराठीत तीन ओळी लिहीत. पहिली : आज नाही. दुसरी : का नाही. तिसरी : मग कधी.

बाकीची फाइल इंग्रजीत असे. या तीन ओळी मराठीत, कारण त्या नातेवाइकांनी वाचायच्या होत्या. तिसरी ओळ कोरी सोडायची नाही, असा त्यांचा नियम होता. तारीख देता येत नसेल, तर काय झाल्यावर देता येईल ते त्या लिहीत.

या नियमाचं कारण मी त्यांना एकदा विचारलं. तेव्हा त्या घरी मेथी निवडत होत्या. “आमच्या घरात हा शब्द फार ऐकलाय,” त्या म्हणाल्या. “अपात्र, नापास, अनफिट. माझ्या आजोबांना कारण मात्र कोणी कधी लिहून दिलं नाही.” आजोबांनी छप्पन साली कुटुंबासह दीक्षा घेतली होती, एवढं मला ठाऊक होतं. एवढं सांगून त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली.

नागपूरच्या नंदनवन भागात आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. मी एका दैनिकात आरोग्याच्या बातम्या करत असे, आणि आमची ओळखही बातमीमुळेच झाली. शहरातल्या एका रुग्णालयात डायलिसिसवरचा रुग्ण शस्त्रक्रियेत दगावला होता. चिडलेल्या नातेवाइकांनी काचा फोडल्या होत्या. मला तज्ज्ञाची प्रतिक्रिया हवी होती, म्हणून जिना चढून गेलो.

“शेवटचं डायलिसिस कधी झालं होतं?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“सकाळी रक्तात पोटॅशियम किती होतं?”

“ते कळलेलं नाही.”

“बीपीचा पट्टा कोणत्या हाताला बांधला होता?”

मी वही मिटली.

“मग तुमच्याजवळ बातमी काय आहे?”

“रुग्ण दगावला आणि काचा फुटल्या.”

“तर काचांची करा. किती फुटल्या ते तरी मोजलंय ना?”

मोजल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी जाऊन मोजल्या. सात होत्या.

त्यांचे तिन्ही प्रश्न किती नेमके होते, ते हळूहळू समजलं. मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाच्या शरीरात जे जातं, ते सहज बाहेर पडत नाही. पाणी साठतं, औषध साठतं आणि अन्नातलं पोटॅशियमही साठतं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं. मॅडम कोणतीही बाटली हातात घेतली की शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला एकच प्रश्न विचारत : “हे बाहेर कुठून जाणार?” उत्तर आलं नाही तर बाटली खाली ठेवत. “मागचं दार बंद असलेलं घर आहे हे,” त्या म्हणत. “आत कोणाला बोलवायचं ते विचार करूनच बोलवायचं.”

आणि हात. डायलिसिसच्या रुग्णाच्या एका हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रिया करून जोडलेली असते. तिला फिस्टुला म्हणतात. तिच्यातूनच रक्त यंत्रात जातं आणि परत येतं. त्या जागी बोटं टेकवली की त्वचेखाली सतत थरथर जाणवते. थरथर थांबली तर समजायचं, जोड बंद पडतो आहे. त्या हाताला सुई टोचायची नाही, बीपीचा पट्टा बांधायचा नाही. हे सगळ्यांना पाठ असतं आणि घाईत कोणीतरी विसरतं. म्हणून मॅडम आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन त्या मनगटाला सुती लाल फीत सैलसर बांधत. कित्येक नातेवाइकांना तो मंतरलेला धागा वाटे. एका म्हातारीने फितीला हात लावून नमस्कार केला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “आजी, यात काही मंतर नाही. हे डॉक्टर लोकांसाठी हाये. त्याईले आठवत नाही.”

हॉस्पिटलात त्या प्रमाण मराठी बोलत. रुग्णाशी बोलताना आणि राग आला की वऱ्हाडी. त्यामुळे दारातून आवाज आला तर आत मायेने बोलणं चाललं आहे की कोणाची हजेरी घेतली जाते आहे, ते पटकन कळत नसे. उंची पाच फुटांच्या आत. स्कूटर जुनी. डब्यात बहुतेक ज्वारीची भाकरी आणि झुणका. ‘बिचारा’ हा शब्द त्यांना खपत नसे. “बिचारा काहून? नाव काय त्याचं?” असं त्या विचारत, आणि नाव सांगेपर्यंत पुढचं ऐकत नसत.

मॅडमचे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर कामाला होते. दर तासाला काटे पाहून आकडे नोंदवायचे, हे त्यांचं काम. काही जण पाळी सुरू होताच आठही तासांचे आकडे भरून मोकळे होत. वडील भरत नसत. शिवाय काटा पाहून झाला की ते यंत्राच्या अंगाला तळहात लावून उभे राहत. लहानपणी कॉलनीतून त्यांचा डबा घेऊन गेल्यावर मॅडमने हे पाहिलं होतं. भुलीचा तक्ता त्याही हातानेच भरत. मॉनिटर छापील कागद देतो, तरी. आणि दर पाव तासाने हिरव्या कापडाखाली हात घालून फिस्टुलाची थरथर बघत.

एकदा एका शिकाऊ डॉक्टरने पुढच्या अर्ध्या तासाचे आकडे आधीच भरून ठेवले. मॅडमने तक्ता पाहिला. “तुले पुढचं दिसून राहिलं का वं?” त्यांनी विचारलं. “मग मले पण सांग, पेशंट कितीले उठते?” नंतर दोन तास त्या मुलीला रुग्णाच्या मनगटावर बोटं ठेवून उभं केलं. ती आता अमरावतीत भूलतज्ज्ञ आहे. तक्ता हातानेच भरते, असं तिनेच मला सांगितलं.

पाण्याचा प्रसंग मी स्वतः पाहिला. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभरात मोजकंच पाणी पिता येतं. नागपूरच्या मे महिन्यात ते कसं जमत असेल, याचा विचार सल्ला देणारे सहसा करत नाहीत. एका रुग्णाने मॅडमना ऐकवलं, “मॅडम, तुम्ही एक दिवस राहून दाखवा.” मॅडम दोन दिवस राहिल्या. रविवार आणि सोमवार, रजा घेऊन, दिवसाला एक लिटर पाण्यावर. रविवारी संध्याकाळी त्यांनी दुधवाल्याला विनाकारण झापलं. सोमवारी दुपारी मी काही विचारायला वर गेलो तर म्हणाल्या, “बोलू नका. बोललं की तोंड कोरडं पडतं.” मंगळवारपासून त्यांनी ‘पाणी कमी प्या’ एवढंच सांगणं बंद केलं. छोटी वाटी वापरा, बर्फाचा खडा चोखा, चूळ भरून टाका, ओला रुमाल मानेवर ठेवा, असं सांगू लागल्या. त्यांच्या एका डॉक्टर मित्राने हा प्रकार ऐकून त्यांना वेड्यात काढलं. त्यांनी ते मान्य केलं.

तो मित्र म्हणजे डॉ. वैरागडे, मेंदूचे शल्यविशारद. दोघं एकाच वर्गातले, त्यामुळे एकमेकांना आडनावाने हाक मारत आणि अरेतुरे करत. मॅडमची खरी परीक्षा झाली ती वैरागडेंच्याच एका शस्त्रक्रियेत. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट.

आमच्या भिवापूरच्या वार्ताहराने मला फोन केला. त्याच्या गावच्या शकुनबाई लांजेवार मिरचीच्या सातऱ्यावर काम करत. सातरा म्हणजे वाळलेल्या मिरचीचे देठ खुडून माल निवडण्याची जागा. बायका ढिगाभोवती बसून हे काम करतात. पांढरी पडलेली मिरची बाजूला काढावी लागते, नाहीतर सगळा माल हलका ठरतो. शकुनबाईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा उमरेड ओलांडून नागपूरला डायलिसिससाठी येणं चाललं होतं. गेले काही महिने त्यांच्या हातून पांढऱ्या मिरच्या सुटू लागल्या. मुकादमीण ओरडली. मग ताटातली भाजी दिसेना. तपासणीत मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसांवर दाबणारी गाठ निघाली. कर्करोग नव्हता. काढली तर नजर वाचण्याची शक्यता होती. नाही काढली तर अंधत्व नक्की. डावा डोळा गेलाच होता आणि उजवा जात होता. दोन रुग्णालयांनी डायलिसिसमुळे ‘अनफिट’ लिहून परत पाठवलं होतं.

मी फाइल वर नेऊन दिली. एवढाच माझा संबंध.

मॅडमने पहिल्याच भेटीत तीन ओळी लिहिल्या. आज नाही. रक्त कमी आहे, रक्तदाब जास्त आहे, आठवड्याला दोन डायलिसिस पुरत नाहीत. तीन आठवड्यांनी मंगळवारी. शकुनबाईंचा नवरा ईश्वर मालवाहू ऑटो चालवत असे. त्याने तो कागद दोनदा वाचून घडी करून खिशात ठेवला. “तारीख देल्ली जी यायनं,” तो मला म्हणाला. “पहिल्यांदा कोणीतरी तारीख देल्ली.”

मॅडमने सांगितलेलं सगळं त्याने तीन आठवडे पाळलं. डायलिसिस आठवड्याला तीन झाली, गोळ्या वेळेवर, पाणी मोजून, मीठ कमी. सोमवारी दुपारी शस्त्रक्रियेआधीचं डायलिसिस झालं. संध्याकाळी मॅडमने लाल फीत बांधली. आपल्या कामाचा भाग नसताना शकुनबाईंच्या उजव्या डोळ्यासमोर बोटं धरली. हातभर अंतरावरून त्यांना ती मोजता आली.

मंगळवारी सकाळी साडेसातला पोटॅशियमचा आकडा आला. पाचच्या आत हवं होतं, सहाच्या वर होतं. डायलिसिसला एक दिवसही झालेला नव्हता. नमुना खराब झाला असेल, असं सगळ्यांना वाटलं. मॅडमने स्वतः दुसरा नमुना घेतला. तोच आकडा.

वैरागडे तयार होऊन बाहेर उभे होते. मी आणि ईश्वर बाकावर बसलो होतो. त्यांचं बोलणं साऱ्या कॉरिडॉरला ऐकू येत होतं.

“इन्शुलिन दे, मेश्राम. तासाभरात उतरतं. दहाला घेऊ.”

“उतरतं, पण बाहेर जात नाही. पेशीत जाऊन लपतं. चार तासांनी तू गाठीपाशी पोचशील तेव्हा परत येईल.”

“तेव्हाचं तेव्हा पाहू ना.”

“तेव्हा तुझे हात मेंदूत असतील. पाहणार कोण? मी एकटी. आणि वाढलं कशानं तेच माहीत नाही मला.”

“तिची नजर रोज जाते आहे. दोन दिवसांत आंधळी झाली तर?”

“तर माझ्यामुळे झाली असं मी लिहीन.”

“तुझ्या लिहिण्यानं तिला दिसेल का?”

 मॅडमने कागद मागवला. आज नाही. पोटॅशियम जास्त, कारण सापडलेलं नाही. गुरुवारी सकाळी, कारण सापडल्यावर.

शकुनबाईंना कागद दिसत नव्हता, म्हणून ईश्वरने वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आज नाई त नाई. पण मॅडम, गुरुवारी पुन्हा ‘आज नाई’ नोका करजा. मले तुमचं तोंड पाहाचं हाये.”

“पाहण्यासारखं नाही ते,” मॅडम म्हणाल्या. “पण गुरुवारी घेते.”

मग त्यांनी ईश्वरला कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी नेलं आणि चौकशी सुरू केली. मी बातमीसाठी पुष्कळ मुलाखती घेतल्या आहेत. एवढी चिकाटी माझ्यात नाही.

“काल संध्याकाळी काय खाल्लं हिनं?”

“खिचडी जी. घरून आणली होती.”

“फळ? संत्रं?”

“नाई जी. तुम्ही नाई म्हणलं होतं.”

“नारळपाणी? कोणी भेटायला आलं होतं?”

“कोणी नाई.”

“काढा, झाडपाला, कोण्या वैद्याची पुडी? खरं सांगा, रागावत नाही.”

“देवाशपथ नाई मॅडम.”

“डाळ किती, भात किती? भाजी कोणती?”

त्याने सगळं सांगितलं. पालक नव्हता, बटाटा उकडून पाणी फेकलं होतं, टमाटा नव्हता. मॅडम थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या फेरीत त्यांनी विचारलं, “खिचडीत मीठ किती टाकलं?”

ईश्वरचा चेहरा उजळला. “मीठ त घरात हायेच नाई जी! तुम्ही कमी करा म्हणलं, मी बंदच केलं. दुसरं आणलं. दुकानदार म्हणे, बीपीवाल्याईसाठी हेच चांगलं. कितीबी टाका म्हणे. तिले चव येत नाई ना, मंग मी वरून पण टाकून देतो.”

“कुठं आहे ते?”

त्याने पिशवीतून पुडा काढला. पुड्यावर हृदयाचं चित्र होतं. मॅडमने चष्मा कपाळावर सरकवला, पुडा उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ते त्यांनी मला दाखवलं. साध्या मिठातलं सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घातलेलं होतं. रक्तदाबाच्या कित्येक रुग्णांना ते चालतं. मूत्रपिंडं बंद असलेल्या बाईच्या खिचडीत मात्र तो माणूस तीन आठवडे रोज, काळजीने, वरून आणखी घालत होता. फाइलमध्ये दर डायलिसिसआधीचा आकडा चढत गेलेला होता. सगळ्यांनी पाहिला होता. मॅडमनीही.

ईश्वर भिंतीला टेकून खाली बसला. “मी तिले जहर देऊन राहिलो होतो का जी?”

“नाही. तुम्ही माझं ऐकून राहिले होते,” मॅडम त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. “मी अर्धंच सांगितलं होतं.”

उठल्यावर त्यांनी पुन्हा फाइल मागवली आणि तीन ओळींखाली चौथी लिहिली. मी ती तेव्हाच उतरवून घेतली : ‘कारण सापडले. मीठ कमी करा असे मी सांगितले, कोणते मीठ ते विचारले नाही. चूक माझी.’ खाली सही. पुडा पर्समध्ये ठेवला. मंगळवारी दुपारी डायलिसिस, बुधवारी पुन्हा. शकुनबाईंचं जेवण दोन दिवस मॅडमच्या घरून गेलं, अळणी.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी पुन्हा बोटं धरली. शकुनबाईंना बोटं मोजता आली नाहीत. हात हलतो आहे, एवढंच कळलं. मॅडम फाइलमध्ये नोंद करत होत्या तेव्हा वैरागडे दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मॅडम नंतर एकदा म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी आकडा पाचच्या आत आला. आठ वाजता शकुनबाईंना आत नेलं. मी आत नव्हतो. पुढचं मला वामनरावांनी सांगितलं. ते तिथले जुने तंत्रज्ञ, मॅडमसोबत बारा वर्षं काम केलेले.

कवटी उघडल्यावर मेंदू फुगलेला दिसला. अशा वेळी मॅनिटॉल नावाचं औषध देतात. ते मेंदूतलं पाणी ओढून घेतं आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर काढतं. वैरागडेंनी सवयीने मागितलं.

“मॅनिटॉल नाही,” मॅडम म्हणाल्या. “आत येईल, जाईल कुठून? फुप्फुसात पाणी भरेल.”

“मला जागा पाहिजे, मेश्राम. असा फुगलेला मेंदू मी बाजूला कसा सारू?”

“पाच मिनिटं दे. हात वर घे.”

त्यांनी टेबलाची डोक्याकडची बाजू थोडी उचलली, मान सरळ आहे का पाहिलं, श्वासाचं यंत्र किंचित जलद केलं, भूल खोल केली आणि साध्या मिठाच्या तीव्र द्रावणाची छोटी मात्रा दिली. मोजून. वैरागडे हात वर धरून उभे होते.  चार मिनिटांनी ते म्हणाले, “उतरतोय.” मॅडम म्हणाल्या, “एक मिनिट राहिलंय.”

त्यानंतर दोन तासांनी मॅडमने कापडाखाली हात घातला आणि थांबल्या. थरथर लागत नव्हती. मॉनिटरवर सगळं ठीक होतं. रक्तदाब, ठोके, प्राणवायू. मॅडमने कापड वर केलं. समोरच्या बाजूने वाकून मदत करणाऱ्या डॉक्टरचं कोपर बराच वेळ लाल फितीच्या वर, त्याच हातावर रेललेलं होतं. कापडाखाली फीत कोणाला दिसणार? “तुमचं कोपर उचला,” त्या म्हणाल्या. “तिचं यंत्र दाबून राहिले तुम्ही.” वामनराव म्हणाले, “साहेब, तो डॉक्टर असा उडाला! आन् मॅडम हात धरूनच उभ्या. मी विचारलं, आली का? बोलेचनात. मंग म्हणल्या, आली.” पुढचे तीन तास त्यांनी तो हात सोडला नाही. तक्ता त्या दिवशी वामनरावांनी भरला, मॅडमने तोंडी सांगितलेले आकडे घेऊन, प्रत्येक त्याच्या त्याच्या वेळेला.

मॅडमने औषधं अशी निवडली होती की शरीराबाहेर जायला त्यांना मूत्रपिंड लागू नये. म्हणून शकुनबाई टेबलावरच जाग्या झाल्या.

“शकुनबाई, डोये उघडा. किती बोटं?”

शकुनबाईंनी डोळे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. “बोटं नाई समजत,” त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, “लाल दिसून राहिलं.”

मॅडमने शकुनबाईंचाच फीत बांधलेला हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला होता. वामनराव सांगतात, मॅडमने ‘बरं’ एवढंच म्हटलं आणि सलाइनच्या नळीकडे वळल्या. दुसऱ्या दिवशीच्या डायलिसिसला त्या शेजारी स्टूल घेऊन चार तास बसल्या. एरवीपेक्षा ते सावकाश चालवायचं होतं, नाहीतर मेंदूला पुन्हा सूज आली असती. तिसऱ्या दिवशी शकुनबाईंनी बोटं मोजली. आठव्या दिवशी मॅडमचं तोंड पाहिलं आणि ईश्वरला म्हणाल्या, “लहानशीच हायेत वं माय ह्या. आवाजावरून मले मोठी बाई वाटली होती.”

वैरागडेंनी मॅडमना त्या मंगळवारबद्दल पुढे कधी छेडलं नाही. मॅडमने मात्र प्रश्न सोडला नव्हता. दोन दिवसांत नजर उतरली ती गाठीमुळे की थांबल्यामुळे, हे सांगता येत नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी विचारलेलं नव्हतं. मिठाचा तो पुडा त्यांच्या पर्समध्ये कायमचा राहिला. डायलिसिसच्या प्रत्येक नव्या रुग्णाच्या घरच्यांपुढे त्या तो ठेवत आणि म्हणत, “मीठ कमी करा हे मी सांगणारच आहे. आधी तुमचा डबा उघडून दाखवा.” आमच्या चौकातल्या किराणा दुकानदाराला त्यांनी त्या मिठाच्या फळीवर हाताने लिहिलेली पाटी लावायला लावली : किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दुकानदार कुरकुरला. पाटी पडली की मॅडम परत चिकटवत.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला नकार दिला. दुसऱ्याच आठवड्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एका छोट्या रुग्णालयात रुजू व्हायचं होतं. तिथे भूलतज्ज्ञ नव्हता. “तिथून रुग्ण नागपूरला धाडतात, अनफिट लिहून,” त्या म्हणाल्या. “निदान तो कागद तरी बदलते.” निघायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, भिवापूरला जायचं आहे, गाडी काढता का?

सातऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. पत्र्याच्या शेडखाली लाल ढीग, भोवती बायका, तोंडाला पदर. मला दारातच ठसका लागला. शकुनबाई एका टोकाला बसल्या होत्या. डायलिसिस चालूच होतं, ते सुटणारं नव्हतं. डावा डोळा परत आला नव्हता. मॅडमने जाऊन आधी त्यांचा हात घेतला, दोन बोटं टेकवली, थोडं थांबल्या आणि मग म्हणाल्या, “कशी आहेस?”

“बसा ना मॅडम. सरका वं तुम्ही.”

बायका सरकल्या. मॅडम मांडी घालून बसल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि ढिगातून मिरच्या घेऊन देठ खुडू लागल्या. हात हळू चालत होता. प्रत्येक मिरची उलटीपालटी करून पाहत, मग टोपल्यात टाकत. शकुनबाई त्यांच्या टोपल्याकडे मान थोडी वाकडी करून, एका डोळ्याने पाहत होत्या. मग त्यांनी हात घालून तळाशी गेलेली एक मिरची बाहेर काढली आणि मॅडमसमोर धरली. ती मिरची एका कडेने पांढरी पडलेली होती.

“हे कशी सुटली जी? दिसून नाई राहिलं का तुमाले?”

बायका हसल्या. मॅडमने ती मिरची घेतली, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि बाजूला ठेवली. “चूक माझी,” त्या म्हणाल्या, आणि सगळं टोपलं जमिनीवर उलटं करून पहिल्या मिरचीपासून पुन्हा पाहायला लागल्या.